काचेखालची बटणं

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. मुलीपुढे तर नाहीच, आणि खरं तर पहिला हक्क तिचाच होता. तुम्ही परके आहात, म्हणून कदाचित तोंड उघडेल. उघडेल ना?

टेबलापासून सुरुवात करते. हसू नका. टेबलच, सोफ्याच्या बाजूला ठेवतात ते छोटं. चहाचा कप आणि पेपर मावेल एवढं.

शहापूरला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा माझी मयूरी तीन वर्षांची होती. मी सरकारी कचेरीत कारकून, नवरा ठाण्याच्या कंपनीत. मयूरीला सांभाळायला घरी अक्का होत्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. धसईजवळच्या गावातल्या. त्यांचं लग्न झालं आणि वर्षभरात नवरा गेला, मूलबाळ नाही. मयूरीच्या जन्माच्या वेळी बाळंतपणापुरत्या म्हणून आल्या आणि राहूनच गेल्या. पोर पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली ती त्यांना. मला ते लागलं होतं — हेही सांगून टाकते.

हॉल मात्र माझा होता. कल्याणहून सोफा आणला. नक्षी नाही, लोड नाहीत. बसका, सरळसोट, राखाडी रंगाचा, स्टीलचे बारीक पाय. आमच्या सगळ्या नातेवाइकांत तसला सोफा कुणाकडे नव्हता. त्याच्या शेजारी माहेरचा सागवानी चौरंग ठेवून पाहिला. वाईट दिसायला लागला — सोफाही आणि चौरंगही. मग टेबल शोधत कितीतरी रविवार मी दुकानं पालथी घातली. उंची सोफ्याच्या हाताएवढीच हवी. पाय त्याच्या पायांसारखेच हवेत. हॉल लहान, म्हणून नजर अडायला नको. शेवटी उल्हासनगरला मिळालं. खाली एकमेकींना जोडलेल्या स्टीलच्या तीन नळ्या आणि वर नुसती ठेवलेली गोल काच. प्रत्येक नळीच्या तोंडावर एकेक रबरी बटण होतं, काच धरून ठेवणारं. दुकानदार म्हणाला, “ये बटन निकालना मत, मॅडम. काच इसीपे टिकता है.”

मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

पण ती बटणं काचेतून दिसायची. पिवळट, मळकी. एवढं देखणं टेबल आणि मधोमध तीन डाग! ऑफिसच्या मैत्रिणी घर बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी मी काच उतरवली, बटणं उपटून काढली, फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत टाकली आणि काच परत ठेवली. वर भरलेला कप ठेवून पाहिला. हलला नाही. मैत्रिणी आल्या, टेबलाभोवती फिरून गेल्या. मी हवेत होते.

नंतर लावली का? नाही. विसरले का? तेही नाही. काच तशीच बरी दिसत होती.

आठवड्याभरात झालं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, नवरा नुकताच कामावरून येऊन आत कपडे बदलत होता, अक्का हॉलमध्ये तांदूळ निवडत बसल्या होत्या. मयूरीला सोफ्यावर चढायचं होतं. नेहमीसारखाच तिनं टेबलाच्या कडेवर हात देऊन भार टाकला. मला आधी काच फुटल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. मग अक्कांचा आवाज — माणसाचा वाटू नये असा.

बाहेर आले तर मयूरी काचांवर पालथी पडलेली. उचललं तेव्हा उजव्या तळहातातून रक्ताची धार लागली होती. नवऱ्यानं टॉवेल गुंडाळला, तिला खांद्यावर टाकून जिना उतरला. अक्का अनवाणी त्याच्यामागे. खालून तो ओरडला, “पैसे घे, कुलूप लाव, ये लवकर!”

मी आई होते तिची. मी काय करायला हवं होतं?

मी डबी शोधली. ती बटणं काढली आणि तिन्ही नळ्यांच्या तोंडात एकेक दाबून बसवली. एक बटण रक्तात पडलं, ते मी पदराला पुसलं आणि लावलं. खाली रिक्षा हॉर्न वाजवत होती. माझी पोर त्या रिक्षात होती आणि मी टेबलाचे पाय नीट करत होते. आज सांगतानाही माझा विश्वास बसत नाही. ही बाई कोण होती?

कल्याणला ऑपरेशन झालं. हात वाचला, पण शिरा कापल्या गेल्या होत्या. दोन बोटं मिटत नाहीत, ती आजपर्यंत.

घरी आल्यावर नवरा त्या टेबलापाशी उकिडवा बसला. बटणांवर अंगठा दाबून बघत होता. “बटणं तर तिन्ही जागेवर आहेत. मग काच निसटली कशी?” आणि त्यानं मान वळवून अक्कांकडे पाहिलं. “अक्का, तू हलवलीस का काही?”

अक्का म्हणाल्या, “नाय रे. सकाळी वरनं फडका मारला, तेवढाच.”

इथं गप्प राहिले असते तरी मी खोटारडीच ठरले असते. पण मी गप्प राहिले नाही. मी म्हणाले, “किती वेळा सांगितलं होतं अक्का, काच उचलून पुसत जाऊ नका, परत नीट बसत नाही म्हणून.”

असं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी काच कधी उचललीच नव्हती. वाक्य तोंडातून निघालं आणि मीच दचकले. इतक्या सहज? आवाजसुद्धा कापला नाही?

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, “उचलली असंल मी. माज्या ध्यानात नाय ऱ्हायलं.”

त्यांना ते खरं वाटलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता — स्वतःपेक्षा जास्त.

त्याच आठवड्यात त्या गावी गेल्या. नवरा अडवायला उठला नाही. मीही नाही. पुढे आम्ही सणावाराला गावी गेलो की मयूरीसाठी काहीतरी करून ठेवायच्या. पण तिच्या हातात द्यायच्या नाहीत, ओटीवर ठेवून बाजूला व्हायच्या. ती डाव्या हातानं खायची, आणि त्या दारातून बघायच्या. एकदा मयूरीनं मला विचारलं, “आत्या मला जवळ का घेत नाही?” मी म्हणाले, गावच्या माणसांना तसली सवय नसते.

काही वर्षांनी मी एकटीच तांदूळ आणायला गेले होते. तेव्हा कळलं, गावातल्या अंगणवाडीत पोरांकडे बघायला बाई हवी होती. सगळ्यांनी अक्कांचं नाव घेतलं होतं आणि अक्का नाही म्हणाल्या होत्या. लोकांच्या शेतावर लावणीला जात होत्या, वाकून वाकून कंबर गेली होती. मी म्हणाले, घ्यायचं ना ते काम, सावलीतलं होतं.

त्या म्हणाल्या, “नको गो वयनी. पोरांवर माजा हात नको. एकीचं केलं तेवढं पुरं.”

घरात आम्ही दोघीच होतो. बाहेर कोंबड्या होत्या, बाकी कुणी नाही. ‘अक्का, बटणं मी काढली होती’ — एवढंच म्हणायचं होतं.

मी विचारलं, “मुरबाडची गाडी किती वाजता आहे?”

अक्का उठल्या. तांदळाची पिशवी त्यांनी डोक्यावर घेतली आणि मला गाडीपर्यंत सोडायला आल्या.