डब्याखालचा पासवर्ड

माळ्यावरून काढलेला जुना कॉम्प्युटर धापा टाकत सुरू झाला आणि त्यानं मलाच पासवर्ड विचारला. आमची मुलगी चार वर्षांची असताना तिचं खळखळून हसणं मी त्यात रेकॉर्ड केलं होतं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती आणि पासवर्ड मी साफ विसरलो होतो. घरी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्यानं शस्त्रक्रियेआधीच्या डॉक्टरासारखा चेहरा केला. "काका, सगळं पुसावं लागेल."

"पासवर्ड ना? मी तेव्हाच कॅलेंडरवर लिहिला होता," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग ते कॅलेंडर कुठंय?"

"कुठं असणार? डब्यांखाली!"

आमच्याकडे सरलेल्या वर्षाची पानं फडताळात अंथरतात. मी हळदीचा डबा उचलला, मग मोहरीचा. 'दूध नाही' आणि 'गॅस आला' यांच्या मधल्या चौकोनात आमच्या पहिल्या स्कूटरचा नंबर होता. तोच पासवर्ड.

मौल्यवान गोष्टी कडीकुलपात ठेवायच्या, असा माझा जन्मभराचा खाक्या. बायकोनं त्यांना दूध-गॅसच्या रांगेत बसवलं आणि त्या तिथंच टिकल्या.

स्कूटरचा नंबर टाकला आणि मुलीचं हसणं ऐकू आलं. कणकेच्या हातांनी बायको धावत आली आणि तीही तस्संच हसू लागली. मुलीचं हसणं आईकडूनच आलंय, हे मला तेव्हा कळलं.

सुरक्षिततेसाठी पासवर्ड बदलायचा का, असं यंत्रानं गंभीरपणे विचारलं. मी 'नाही' म्हटलं आणि मोहरीचा डबा पुन्हा जागेवर ठेवला.