मामांचा रिओस्टॅट

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका विचार करून वस्तू घेणारा माणूस पलूसपासून फलटणपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, कारण दुकानदारांनाही संसार असतात. फौजेत बिनतारी यंत्रं सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवून ते सुभेदार म्हणून पलूसला परतले होते. नारळ घ्यायचा तर ढिगातला एकेक नारळ कानाशी नेऊन हलवायचे आणि शेवटी पहिलाच घ्यायचे. बादली घ्यायची तर दुकानातच काठोकाठ भरून घटकाभर बघत बसायचे. दुकानदार कुरकुरला की शांतपणे म्हणायचे, "गड्या, गळकी निघाली तर तू येनार हाईस का पानी पुसायला?"

पण त्यांचा सगळ्यात लांबलेला विचार रिओस्टॅटचा. रिओस्टॅट म्हणजे वीज कमीजास्त करायचं फिरतं बटण. निवृत्तीनंतर मामांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका ते टाइप करून देत. त्याच वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलामागे लावली होती. भिंतीकडे तोंड करून, एकाच कुशीवर त्यांना बरं वाटे. आवाज पार पुटपुटण्याइतका बारीक झालेला, आणि कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा तर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. एकदा मामी पाणी मागत राहिल्या आणि चार हातांवर बसलेल्या मामांना ते ऐकूच आलं नाही. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पंखा बंद केला तर मशीन जळणार, चालू ठेवला तर मामी ऐकू येणार नाहीत. तेव्हा पंखा हळू करायचा, असं ठरलं.

आधी त्यांनी जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण काढून लावलं. ते नाजूक जिवाचं, पाच मिनिटांत तापून वास मारायला लागलं. मग आमच्या सांगलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. पन्नास ओहमचा घ्यावा की शंभरचा, पाच वॅटचा की दहाचा, यावर मामांनी कॉलेजातल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या मिस्त्रीला विचारलं, एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही विचारलं. पिशवीतून पंखा न्यायचा, दुकानाच्या काउंटरवर जोडायचा, प्रत्येक रिओस्टॅट फिरवून पंखा कुठं थांबतो ते बघायचं आणि तारेच्या वेटोळ्यावर बोट ठेवून ऊब मोजायची. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "आवं सुभेदार, पंख्याला सोयरीक बघताय का काय?"

मामा हसले नाहीत. "तिची हाक हाय ही, बाबा. मधीच जळून चालायचं न्हाई."

तीन आठवड्यांनी शंभर ओहमचा, तारेचा, पाच वॅटचा रिओस्टॅट घरी आला. मामांनी तो बसवला, बटण फिरवलं, आणि पंखा इतका हळू झाला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मामा खुर्चीत ताठ बसून हाकेची वाट बघत होते. हाक आली, पण रडवेली.

"आवं, कुटं गेलासा?"

"हितंच हाय की."

"मग मशीनचा आवाज का न्हाई? त्यो घरघरतोय तवर तुमी मागं हाईसा, म्हनून मी निवांत पडून असते."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, गावभर इचारलं बगा. हिलाच तेवढं इचारलं न्हाई." मला त्यांची फार माया वाटली आणि स्वतःची लाजही, कारण तीन आठवडे मीही बरोबर हिंडलो होतो आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

मामा बटणाशी ओणवे झाले. "एवढा?"

"जरा वाडवा."

"आता?"

"लय झाला. तुमास्नी माझं ऐकू याय नको व्हय?"

केसभर मागं, केसभर पुढं, असं करत अर्धा तास गेला. शेवटी मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता." मामांनी तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.

त्यानंतर मामी सव्वा वर्ष होत्या. तेवढ्या काळात त्यांना एकही हाक दुसऱ्यांदा मारावी लागली नाही.