पत्ता अडलेली दुपार
बंद खोलीतल्या एसीचा ओलसर वास आला की मला रोह्याजवळच्या कंपनीतली ती दुपार आठवते. त्यांचा प्रोग्राम दुरुस्त करायला, तासाभराचं काम म्हणून गेले होते; त्याच दुपारी पेणला आईचं ऑपरेशन होतं आणि मला तिथे पोचायचं होतं. लॅबमधल्या तपासणीचे रिपोर्ट काढणारा प्रोग्राम बंद पडल्याने मालाचे टँकर अडले होते आणि प्रोग्राम चालू झाल्याशिवाय कंपनीवाले मला सोडणार नव्हते. फोनही गेटवर जमा. प्रोग्राम प्रत्येक रिपोर्टसाठी स्वतःची नक्कल सुरू करायचा. नकलेतल्या लायब्रऱ्यांना, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफायलींना, मेमरीत मूळच्याच जागा, मूळचेच पत्ते लागत, आणि त्यातला एक नव्या अँटीव्हायरसने बळकावला होता. त्यामुळे नक्कल सुरू होताच बंद पडायची. अँटीव्हायरस काढायची परवानगी नव्हती. लॅबच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "तुला सोडणं माझ्या हातात नाय गो. पण घरचा नंबर दे, गेटवरून विचारून येते." त्या गेल्या आणि मी एकेका लायब्ररीला मोकळा पत्ता देत बसले. पहिला रिपोर्ट प्रिंटरमधून निघाला तेव्हा त्या दारात होत्या. "आई शुद्धीवर आली. पोरगी जेवली काय, विचारते." मी टेबलावर डोकं टेकून रडले. आई आता ठणठणीत आहे. पण मेमरीतल्या एका पत्त्यापायी मी त्या दिवशी वेळेवर का आले नाही, ते तिला अजून समजावता आलेलं नाही.