सण सरकला तर

दुकानात तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. कपड्यांचं तीन मजली दुकान, चाळीस माणसं, आणि ड्यूट्या लावायचं काम ताईकडे. पूर्वी सणावारी सुट्टीवरून नुसती हमरीतुमरी चालायची. ताईनंच डोकं लढवलं: ज्याचा सण त्याला सुट्टी, बाकीच्यांनी दुकान सांभाळायचं. वर्षभराचा तक्ता भिंतीवर लागला. काहींचे सण चंद्रावर ठरतात, म्हणून खाली तिनंच लिहिलं, 'सण सरकला तर सुट्टीही सरकेल.' सगळे खूश! पण माणूस कमी पडला की उभी राहायची ताईच. लोढणं आपणच गळ्यात बांधून घेतलेलं, सांगते कुणाला? सहा वर्षं तिचा स्वतःचा सण काउंटरमागेच गेला.

यंदा मात्र तिनं आईला शब्द दिला होता. भाऊ परदेशातून आला होता. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढून झालं होतं.

आणि आज सकाळी बघते तर काय, सुट्टीवर असायला हवेत ते शिंपीकाका आणि त्यांचे आठ जण कामावर हजर!

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"काल चंद्र दिसलाच नाही, ताई. आमचा सण उद्या."

उद्या ताईच्या लोकांचाही सण. तिला धरून अकराजण. म्हणजे उद्या एकदम वीस माणसं, निम्मं दुकान सुट्टीवर! ती तशीच मॅनेजरकडे गेली.

"वरचा मजला बंद ठेवू," तो म्हणाला, "पण किल्ल्या घेऊन तुम्ही थांबा. नाहीतर एका गटाची सुट्टी रद्द करा. सही तुमचीच लागेल."

शिंपीकाकांच्या कानावर गेलंच. "ताई, मी थांबतो की."

"गप्प बसा हो! नातवाला नवे कपडे शिवलेत ना? मग?"

काका गेले आणि तिला रडूच फुटलं. तो मेला तक्ता टराटरा फाडावा असं वाटलं. पण अक्षर तिचंच. बोटं मोडायची तरी कुणाच्या नावानं?

जेवणाच्या सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून आईला फोन लावला. कारण कसं सांगायचं, ते चारदा मनात घोकलं होतं.

"आई, उद्या ना..."

"अगं, असू दे," आई सहज म्हणाली. मागे भाऊ कुणाला तरी हसत होता. "यंदा तुला धरलंच नव्हतं आम्ही. दरवेळी तुझं मांडलेलं ताट उचलून ठेवताना बरं नाही वाटत गं."