भाऊसाहेबांचा चुकलेला ठोका आणि कुंभारीची हलगी

घोड्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभं राहायला फार धीर लागतो. मांजराचं हृदय कसं, सारखं धावपळीत. घोड्याचं मात्र निवांत काम. एक ठोका देईल आणि मग इतका वेळ गप्प बसेल की मालकाचं सांत्वन कोणत्या शब्दांत करावं ते आपण मनात जुळवू लागतो. तेवढ्यात दुसरा ठोका येतो. सासवडला माझा जनावरांचा दवाखाना आहे आणि म्हशीच्या पोटातलं मला सगळं कळतं, पण घोड्याच्या छातीपुढे मी नेहमी बावळट ठरते. म्हणून सोलापूरजवळ घोड्यांच्या हृदयविकारांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे असं कळलं तेव्हा मी लगेच नाव नोंदवलं.

ड्रायव्हर म्हणून नवऱ्याला घेतलं. श्रीकांतने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्याचा एकच उद्योग आहे. दर थोड्या वेळाने फ्रिज उघडायचा, आत बघायचं, सुस्कारा टाकायचा आणि बंद करायचा. "मला छातीत कसंतरी होतं गं," असंही अधूनमधून म्हणतो. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलंय. "चल, घोड्यांच्या रांगेत तुलाही उभा करते," म्हटलं, तर चक्क तयार झाला.

जाणाऱ्यांसाठी सांगते, सासवडहून यवतला बाहेर पडलात की पुढे सोलापूरपर्यंत हायवे सरळसोट आहे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, नाहीतर टोलनाक्यावर मागचे लोक आपल्या सात पिढ्यांची चौकशी करतात. भिगवणला मासे खा. थंडीत गेलात तर उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दिसतात. आम्हाला दिसले, पण श्रीकांत तेव्हा चिलापी माशाच्या काट्यात गुंतला होता. टेंभुर्णीनंतर दोन्ही बाजूंना ऊस आणि मोहोळनंतर ज्वारी. जानेवारीतही दुपारी ऊन असं होतं की मी स्वेटर कशाला आणला म्हणून स्वतःवरच चिडले.

स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी, दोघांचं बाराशेत भागलं. रात्री जेवायला खानावळीत गेलो. कडक भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ती ताटावर दाबून मोडायची असते. श्रीकांतने ती हवेत धरून दोन्ही हातांनी मोडली आणि अर्धी भाकरी शेजारच्या टेबलावरच्या आमटीत जाऊन पडली. तिथल्या आजोबांनी ती शांतपणे बाहेर काढली, शेंगाची चटणी लावून खाल्ली आणि म्हणाले, "पुण्याकडचे व्हय?"

"सासवडचे," श्रीकांत म्हणाला.

"त्येच की," आजोबा म्हणाले आणि पुढे जेवू लागले.

सकाळी अक्कलकोट रस्त्याला लागलो. कुंभारी मागे टाकून आत वळलं की एका खासगी फार्मवर प्रशिक्षण होतं. आम्ही डझनभर डॉक्टर, सगळे शेळ्या-म्हशींतले. शिकवायला डॉ. शिरोळे मॅडम. लहानखुऱ्या, आवाज बारीक आणि गोंगाटाचा भारी तिटकारा. "घोड्याचं हृदय ऐकायचंय, एकमेकांची मतं नव्हेत," हे त्यांचं पहिलं वाक्य. पहिला दिवस घोड्याचा डावा पुढचा पाय थोडा पुढे घेऊन कोपराच्या मागे, आत, अगदी आत स्टेथोस्कोप कसा सारायचा यातच गेला. संध्याकाळी माझ्या अंगाला फार्मवरच्या सगळ्या घोड्यांचा वास येत होता. श्रीकांतने दिवसभरात शहरात जाऊन एक सोलापुरी चादर आणली होती. निळी, मोरांची. घरी अशा चार आहेत हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरा पेशंट आला. टेम्पोचं फळकूट खाली पडलं आणि आतून एक पांढरा घोडा उतरला. गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळावर लाल गोंडा, आणि चाल अशी की प्रमुख पाहुणे आपणच. मागोमाग मालक, सिद्राममामा. कुंभारीचेच. डोक्याला फेटा, खिशात गुळाची पुडी.

"नाव काय घोड्याचं?" मी केसपेपर पुढे ओढला.

"भाऊसाहेब."

"तुमचं नाही, घोड्याचं."

"त्येंचंच सांगतोय की. रात्रीपास्नं भाऊसाहेब नीट जेवले न्हाईत. टेम्पोत बसायचं म्हटलं की त्यास्नी टेन्शन येतंय."

भाऊसाहेब वरातीचे घोडे. आसपासच्या गावांतले निम्मे नवरदेव त्यांच्या पाठीवरून मांडवात गेलेले. नाचण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, धरणारं कोणी नाही. पण दिवाळीनंतर कुठल्याशा डॉक्टरांनी कान लावून सांगितलं होतं, की ठोके चुकतायत, हृदय गेलंय, नाचवाल तर वरातीतच कोसळेल. तेव्हापासून भाऊसाहेब दावणीला उभे. आणि आता सिद्राममामांच्या मुलीचं, शिवलीलाचं लग्न तोंडावर आलं होतं.

"तिची आई न्हाय," सिद्राममामा घोड्याच्या मानेवर थोपटत म्हणाले. "पोरगी ह्येंच्या पायात खेळून मोठी झाली. म्हणती, सगळ्या गावाच्या नवऱ्यांस्नी भाऊसाहेबांनी आणलं आन माझाच मोटारीतनं यायचा व्हय? तसलं लगीन मला नको. तुमी बगा आन काय ते खरं सांगा, म्याडम. न्हाय म्हटलं तर न्हाय. ह्येंच्या जिवापेक्षा वरात मोठी न्हाय."

मी केसपेपरवर 'भाऊसाहेब' हे नाव उगाच दोनदा गिरवलं. म्हशीच्या बाबतीत मला असं कधी होत नाही.

केस माझ्याकडे आली होती. चिमटे लावले, ईसीजी सुरू केला. कागदावर बघते तर प्रत्येक ठोक्याच्या अधेमधे भलतेच उंचवटे. मी उत्साहाने सगळ्यांना बोलावलं आणि एका लांबलचक, भयंकर आजाराचं नाव घेतलं. सिद्राममामांचा चेहरा उतरला. शिरोळे मॅडम आल्या, कागद पाहिला, मग घोड्याकडे पाहिलं.

"हे हृदय नाही," त्या म्हणाल्या. "हा मालकांचा हात आहे. थोपटतायत ते."

सिद्राममामांनी हात झटकन मागे घेतला. "धीर देत हुतो जी," म्हणाले. घोड्याला की स्वतःला ते आम्ही कोणी विचारलं नाही.

हात बाजूला गेल्यावर खरं चित्र दिसलं. तीन-चार ठोके अगदी शिस्तीत, मग एक गायब, मग पुन्हा शिस्त. मॅडमनी समजावून सांगितलं. घोड्यात ठोका चुकणं दोन प्रकारचं असू शकतं. एकात काळजी नसते. जनावर निवांत असलं की हृदय मधूनच एक ठोका गाळतं, पळायला लागलं की सगळे ठोके मुकाट्याने हजर. दुसऱ्यात ताल पार विस्कटलेला असतो, श्रम झाल्यावरही तसाच राहतो, आणि अशा घोड्यावर नवरदेव बसवणं म्हणजे दोघांच्या जिवाशी खेळ. कागद पहिल्या प्रकाराचा दिसत होता, पण पळवून ऐकल्याशिवाय मॅडम शिक्का मारणार नव्हत्या.

झालं. ईसीजीचं छोटं यंत्र पाठीवर बांधून भाऊसाहेबांना लांब दोरीवर घेतलं. "चल," म्हटलं, "हट" म्हटलं, कोणी इंग्रजीतून विनंती केली. भाऊसाहेब उभे. सिद्राममामा म्हणाले, त्यांना कानडी कळतं, आणि "नडी, नडी," म्हणाले. भाऊसाहेब चालले, पण देवदर्शनाला निघाल्यासारखे. मग त्यांना ईर्षा वाटावी म्हणून आम्ही तीन-चार डॉक्टर त्यांच्या बाजूने पळालो. दोन फेऱ्यांत आमच्या छात्या फुटायची वेळ आली. भाऊसाहेबांच्या ठोक्यात काडीचा फरक नाही.

"ते असं पळत न्हाईत," सिद्राममामा म्हणाले. "वाजाप लागतं त्यास्नी. टेम्पोत हलगी हाय. पन वाजवनारा मेव्हना गावाला गेलाय, आन मी वाजवली तर ह्यास्नी धरनार कोन?"

मी काही बोलायच्या आत, आज फार्मवरच थांबलेला श्रीकांत टेम्पोकडे निघाला होता. शाळेत हा लेझीमच्या पथकात हलगी वाजवायचा, हे लग्नानंतर त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी ते खोटं धरून चालले होते. त्याने हलगी उन्हात जरा तापवली, कातडं बोटाने तपासलं आणि वाजवली. कडाडली हो ती. शिरोळे मॅडमनी कानांवर हात ठेवले. भाऊसाहेबांनी मान वर केली, कान टवकारले आणि पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने उचलत असे काही नाचू लागले की आमच्यातल्या एकाने खिशातून नोट काढून ओवाळलीसुद्धा.

आता अडचण अशी, की हलगी वाजत असताना हृदय ऐकू येत नाही आणि थांबली की घोडा थांबतो. म्हणजे हलगी थांबल्या थांबल्या धावत जाऊन कोपराच्या मागे स्टेथोस्कोप घालायचा. लहानपणी संगीत खुर्ची खेळताना मी नेहमी पहिली बाद व्हायचे, ते इथे आठवलं. श्रीकांत थांबला. मी झेपावले. आणि त्याच क्षणी भाऊसाहेबांनी डावा पाय दुमडून, मान खाली घालून झोकात सलामी दिली. मी त्यांच्या खांद्याला धडकून शेणात बसले.

"सांगायचं ऱ्हायलं की," सिद्राममामा ओशाळून म्हणाले. "वाजाप थांबलं की सलामी देत्यात. मग गूळ."

पाठीवर बांधलेलं ईसीजीचं यंत्रही त्या सलामीत घसरून पोटाखाली लोंबत होतं. कागदावर डोंगररांगा उमटल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, यंत्र घट्ट बांधायला काहीतरी आणा. श्रीकांतने गाडीतून मोरांची चादर आणली. ती भाऊसाहेबांच्या छातीभोवती आवळून बांधली. आता ते स्वतःच नवरदेव दिसत होते.

पुन्हा हलगी. या वेळी श्रीकांतला थांबवेना. घामाने निथळत, डोळे मिटून वाजवत होता आणि भाऊसाहेब त्याच्या समोर त्याच तालात. मी ओरडले तेव्हा कुठे थांबला. भाऊसाहेब सलामीला वाकले आणि मी या वेळी त्यांच्याबरोबरच वाकले. गुडघे मातीत, डोकं त्यांच्या कोपराशी, स्टेथोस्कोप आत. सगळा फार्म चिडीचूप.

धड, धड, धड, धड. एकही गाळलेला नाही. मी श्वास रोखून ऐकत राहिले. ताल हळूहळू संथ होत गेला, पण सरळ. मग भाऊसाहेब उठले, गूळ खाल्ला, सैलावले, आणि बऱ्याच वेळाने, अगदी निवांत झाल्यावर, एक ठोका गाळला. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मानेला मिठी मारली. यंत्राचा कागदही तेच सांगत होता. मॅडमनी तो दोनदा पाहिला, छाती आणखी एकदा स्वतः ऐकली आणि म्हणाल्या, "नाचू दे त्याला. वर्षातून एकदा मात्र तपासून घ्या."

सिद्राममामांनी गुळाची पुडी खिशात कोंबली. "म्हंजी रिकामं हुबं केलं म्हनून चुकतंय, आन नाचताना चुकत न्हाय?"

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

"मग म्या येड्यानं दिवाळीपास्नं बांधून घातलं की ह्यास्नी," म्हणाले आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. श्रीकांत हलगी हातात धरून तसाच उभा होता. ती परत देणं त्याच्या जिवावर आलं होतं.

परतताना शेंगाची चटणी, कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि सोलापुरात हट्टाने घेतलेली नवी हलगी, असा माल गाडीत होता. चादर भाऊसाहेबांकडेच राहिली.

घरी आल्यावर काय उरलं म्हणाल, तर घोड्याच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेची भीती गेली. आणि श्रीकांत फ्रिज उघडत नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर हलगी वाजवतो. शेजारच्या काकू दोनदा भांडून गेल्या, आता त्यांचा नातू शिकायला येतो. छातीत कसंतरी होतं हे वाक्य मी बरेच दिवस ऐकलेलं नाही.

परवा सिद्राममामांचा फोन आला. लग्न झालं, भाऊसाहेबांनी जावयाला मांडवात नेलं, शिवलीलापुढे सलामी दिली तेव्हा अख्खा मांडव रडला, असं सगळं त्यांनी सांगितलं.

"आता घर कसं वाटतंय, मामा?" मी विचारलं.

"काय वाटनार? दोगंच हाव आता, मी आन ते. पोरगी गेल्यापास्नं दोगं बी गप हुबं असतोय, म्याडम. मला बी वाजवावं वाटंना."

श्रीकांत ऐकत होता. आतून हलगी घेऊन आला, मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि वाजवायला लागला. थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग लांबून, बारीक, घुंगरं ऐकू येऊ लागली. वाढत गेली. सिद्राममामा कानडीत काहीतरी ओरडले आणि हसले. श्रीकांत दमून थांबला तशी पलीकडची घुंगरंही थांबली.

"मामा? काय झालं?"

"काय हुतंय? सलामी दिली की," सिद्राममामा म्हणाले. "थांबा जरा, गूळ घिऊन येतो."