मेघनाचा कोलशेतमधला एक दिवस

मेघना साळवे टिटवाळ्याला वडिलांसोबत राहते. कोलशेतच्या एका कंपनीत तिने नऊ वर्षं प्रोग्रॅमर म्हणून काम केलं. चार वर्षांपूर्वी वडिलांना, जगनरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेलेली. तिने नोकरी सोडली, पण ओढ सुटली नाही. दुपारी बाबा झोपले की ती लॅपटॉप उघडून कोणीही न मागितलेले छोटे प्रोग्रॅम लिहीत बसायची.

गेल्या मार्चमध्ये कंपनीतल्या अद्वयचा फोन आला. तो तिच्या हाताखाली शिकलेला. रक्तपेढीसाठी केलेला त्यांचा नवा प्रोग्रॅम चाचणीत चुकत होता. पिशव्यांच्या शिलकीचा आकडा एक, पण तो बदलणारे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, अनेक. दोन काउंटरवरून एकदम एकेक पिशवी गेली की दोन्ही थ्रेडना शिल्लक, समजा, चाळीस दिसे आणि दोन्ही एकोणचाळीस लिहीत. गेल्या दोन, कमी झाली एक. एका वेळी एकच थ्रेड आत जावा म्हणून अद्वयने लॉक लावलं होतं. तरी फरक येतच होता.

मेघनाने कोड वाचून दाखवायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला.

"अरे, लॉक तू फक्त लिहिताना लावलंयस. आकडा वाचतोयस बाहेरच. आत शिरेपर्यंत तो शिळा झालेला असतो."

अद्वय म्हणाला, "मॅडम, एक दिवस येऊन सगळंच बघाल का?"

रमाआत्या बाबांजवळ थांबली आणि मेघना कोलशेतला गेली. तिच्या जुन्या जागेवर आता क्षिप्रा नावाची मुलगी बसते. ती उठायला लागली, तर मेघनाने तिला बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं. जेवायच्या सुट्टीआधीच दुसरी चूक सापडली: मुदत संपलेल्या पिशव्या काढणारा थ्रेड ते लॉक घेतच नव्हता. शिलकीला हात लावणाऱ्या प्रत्येक थ्रेडला तिने तेच लॉक घ्यायला लावलं. प्रोग्रॅम लाखभर वेळा चालवला. एकही पिशवी चुकली नाही.

निघताना मॅनेजर हेमाने परत येण्याविषयी विचारलं. मात्र रोज ऑफिसात यावं लागणार होतं. मेघना म्हणाली, उद्या कळवते.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं, अगदी लॉकसकट. त्यांना कितपत समजलं कोण जाणे, पण ते एकटक ऐकत होते.

"जा तू परत," ते अडखळत म्हणाले. "रमा येईल."

आत्या अडुसष्टची. त्या एका दिवसात तिचे गुडघे सुजले होते.

"बघू, बाबा," मेघना म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने हेमाला नाही म्हणून कळवलं.

अद्वय अजून अधूनमधून फोन करतो. महिनाभर त्याचा फोन आला नाही की तीच लावते, आणि इकडचंतिकडचं बोलून झालं की विचारते, कुठे काही अडलंय का. बहुतेक वेळा काही अडलेलं नसतं.