पुढच्या प्रवासाचा पुरावा

वैशाखातली भर दुपार होती. गाडीची काच हाताला चटका देत होती, आणि समोर नव्या रायपूरचा तो रुंद, गुळगुळीत, निर्मनुष्य रस्ता दूरवर उन्हात वितळत चालला होता. एका चौकात सिग्नल लाल झाला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. ना पुढे कुणी, ना मागे. आडव्या रस्त्यावर नजर पोचेल तिथवर चिटपाखरू नव्हतं. "कोई नहीं है भैया, चलो," मी म्हटलं. तो हसला नाही. "माताजी, किसी के लिए तो लाल हुआ होगा," एवढंच बोलून तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मुलांनो, त्या रणरणत्या उन्हात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! कोण ओलांडत होतं तो चौक?

विमानतळाचा नेहमीचा रस्ता कुण्या मंत्र्यांच्या ताफ्यासाठी अडवला होता, म्हणून आम्ही नव्या राजधानीकडून वळसा घेतला होता. तुम्ही हे शहर पाहिलेलं नाही. इथे दिवे आहेत, पदपथ आहेत, बसथांब्यांवर बाकं आहेत. फक्त माणसं यायची आहेत. आमच्या जुन्या रायपुरातल्या पुरानी बस्तीत याच्या उलट असतं. तिथे माणूस आधी येतो, संसार थाटतो, भांडतो, मरतो, आणि त्याच्या पायांनी पडलेल्या वाटेला मागाहून कुणीतरी गल्ली म्हणतं. न आलेल्या माणसांसाठी आधीच मांडून ठेवलेलं हे शहर मला नेहमी श्राद्धाच्या पानासारखं वाटतं. सगळं वाढलेलं, आणि समोरचा पाट रिकामा.

मी ऑकलंडला तुमच्याकडेच यायला निघाले होते. मांडीवर कागदांची फाइल होती: पासपोर्ट, व्हिसा, विमा, तुमच्या बाबांचं निमंत्रणपत्र, सगळं ज्या क्रमाने मागतील त्या क्रमाने लावलेलं. इंग्रजी शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय, ती काही सुटत नाही. फक्त परतीचं तिकीट नव्हतं. त्याबद्दल मी तुमच्या बाबांना फोनवर दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने "ते बघू गं आई" म्हणून विषय बदलला. त्याच्या मनात काय आहे, ते मला ठाऊक होतं. ते त्याने घाटावर, सगळ्यांच्या देखत, बोलून दाखवलं होतं.

तुमचे आजोबा गेले त्याच्या दहाव्या दिवसाची ही गोष्ट. खारुन नदीवर धुकं होतं. पिंड मांडून गुरुजी बाजूला झाले आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. आपल्यात असं मानतात, की कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचं इथलं काही उरलं नाही आणि त्याचा पुढचा प्रवास सुरू झाला. शिवला नाही, तर त्याचा जीव कशात तरी अडकला आहे. मग घरचे एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतात. हे करू, ते सांभाळू, तुम्ही निश्चिंत जा.

कावळा होता. एकच. पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसून मान तिरकी करून आमच्याकडे पाहत होता. तुमच्या बाबांनी हात जोडून सांगितलं, घर विकणार नाही. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, बागेला पाणी घालू, हलला नाही. आजोबांची धाकटी बहीण, तुमची अकोल्याची कमलआजी, पदराने नाक पुसत म्हणाली, "त्याले चहा पाह्यजे असन. मेल्यावर बी याचे नखरे सरले नाईत!" त्या रडण्यातही आम्ही हसलो. आणि कावळा खाली उतरला. टुणटुण उड्या मारत पिंडापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, "बाबा, आईची काळजी करू नका. तिला मी कायमची माझ्याकडे घेऊन जातो."

कावळा उडाला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

नदीचा आवाजसुद्धा मला ऐकू येईना. गुरुजी हळूच म्हणाले, वेळ होऊन राह्यली, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. पण कमलआजी तरातरा पुढे गेली. "काहून रे पोट्ट्या, तिले कायमची कुठं घेऊन चालला तू? दादा, आयक. वैनी जाईन, नातवंडं पाहीन, अन् वापस येईन. मी सांगून राह्यली ना तुले!" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फांदीवरून काळी झेप आली आणि पिंडाचं टोक मोडलं.

परतताना तुमचे बाबा म्हणाले, "आई, कावळा आहे तो. भूक लागली म्हणून आला." खरंही असेल. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. मी कशाला वाद घालू? पण हातभर अंतरावर अन्न असताना भुकेला कावळा मागे का फिरला, याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

तर विमानतळ. सामान थेट तुमच्या गावापर्यंत जाणार होतं, म्हणून कागदही इथेच तपासणार होते. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिने एकेक कागद पाहिला आणि मग विचारलं, "आंटीजी, वापसी का टिकट?" मी म्हटलं, नाही. "विज़िटर वीज़ा पे जा रहे हो न आप? लौटने का कुछ तो दिखाना पड़ेगा। नहीं तो हम आपको बिठा ही नहीं सकते।"

केवढी विलक्षण अट ही! येणाऱ्याने दारातच आपल्या जाण्याचा पुरावा द्यायचा. पण विचार केला तर कुठलं घर ही अट घालत नाही? आपण तर पितरांनाही घालतो. भाद्रपदाच्या पंधरवड्यात त्यांना बोलावतो, त्यांच्या आवडीचं रांधतो, आणि अमावास्येला हात जोडून वाटेला लावतो. राहा म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मी तुमच्या बाबांना फोन लावला. तो म्हणाला, "अगं, जरा थांब. आत्ता परतीचं काढून पाठवतो. तू पोचलीस की रद्द करू. सगळे असंच करतात."

इतक्या माणसांच्या त्या दालनात मला एकाएकी फार एकटं वाटलं, आणि त्याहून विचित्र म्हणजे, एकटी नसल्यासारखंही वाटलं. मानेवर कुणाचा तरी श्वास लागावा तसं. समता कॉलनीतलं आपलं घर डोळ्यांपुढे आलं. भाद्रपदातली संध्याकाळ, फाटकाला कुलूप, आणि बाहेर तो उभा. बोलावलेला, आलेला, आणि दार उघडायला कुणी नाही. शब्दावर विसंबून जो पुढे निघून गेला, त्याने परत येऊन कुलूप पाहायचं?

आणि दुसरा विचार त्याहून गार होता. तुम्हीच मला व्हिडिओवर तुमची बाग दाखवत तुमच्या हिंदीत म्हणाला होता, "आजी, हमारे यहाँ कौआ नहीं होता." उद्या मी तिथेच गेले, तर माझ्या पुढच्या प्रवासाची खूण कोण देणार?

"रद्द करायचं नाही," मी म्हटलं. "खरं तिकीट काढ. पितृपक्ष लागायच्या आधीचं." मग तो म्हणाला, "आई, तू कावळ्याचं ऐकतेस, माझं नाही." त्या वाक्यात राग कमी होता, आईशिवाय राहिलेलं पोर जास्त होतं. पण मी शब्द मागे घेतला नाही. तिकीट आलं. मुलीने ते पाहिलं, आणि माझ्या खांद्यावरून मागे नजर टाकत विचारलं, "अंकलजी आपको छोड़ने आए हैं?" मी वळून पाहिलं. मागे रिकामी जागा होती आणि फरशीवर उन्हाचा चौकोन. "हव," मी होकार दिला.

तुमच्या ऑकलंडला उतरल्यावर अधिकाऱ्याने परतीची तारीख पाहिली आणि सहज विचारलं, घरी कुणी वाट पाहतंय का? आयुष्यात कुठल्याही अर्जावर मी खोटं लिहिलं नाही. त्याच्यापुढच्या कागदावर 'विधवा' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी शुद्ध इंग्रजीत उत्तर दिलं, "माझे पती." त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला आत सोडलं.

तिथून परत निघताना तुम्ही दोघं माझ्या पदराला धरून विचारत होता, "आजी, रुक क्यों नहीं जातीं?" तेव्हा मी नुसता तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. हे एवढं लिहिलं, ते त्याचं उत्तर. मुलांनो, तुमच्यावरची माया कमी पडली, असं कधी समजू नका. ज्याला जाऊ द्यायचं असतं, त्याला आपण कुठे सापडू हे सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तो जाणार तरी कसा?

परत आले तेव्हा पावसाळ्याने फाटकाचं कुलूप गंजवलं होतं. कमलआजी अकोल्याहून आधीच येऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसली होती. तिने तेल आणवलं, दोघींनी मिळून कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, दिवा लावला. मी सवयीने फाटक लावून घ्यायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे वैनी उघडं," ती म्हणाली. "येऊ दे त्याले."